धावणाऱ्यांचे प्रश्न : वेग गेला की ऊर्मी?

प्रश्न : मी गुहागरला एका पतसंस्थेत नोकरी करतो, वय ४४. गेल्या जानेवारीत मुंबईला अर्धमॅरेथॉन पूर्ण केली आणि त्याच भरात येत्या जानेवारीच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून बसलो. पावसाळाभर सराव कसाबसा टिकवला, पण ऑक्टोबर लागल्यापासून किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा माझा वेग सव्वासातवर आला आहे. शर्ट अक्षरशः पिळावा लागतो आणि पहाटे गजर झाला की उठावेसेच वाटत नाही. गावात बरोबर धावणारे कोणी नाही. ‘पाव किलो साखर आणायला स्कूटर काढणारा माणूस पहाटे धावतो तरी कुणासाठी?’ असे घरातूनच विचारले जाते. ऊर्मी टिकवावी कशी?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत, एक हवेची आणि एक मनाची, आणि मला वाटते, पहिलीचे खापर तुम्ही दुसरीच्या माथी फोडत आहात. शरीर घाम आल्याने नव्हे, तर घाम वाळल्याने थंड होते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता टपकत राहतो. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, आणि तेवढ्याच श्रमात वेग घटतो. तेव्हा सव्वासात मिनिटे हा आळसाचा पुरावा नव्हे. महिनाभर घड्याळात फक्त किती वेळ धावलात तेवढेच पाहा. सोबत कोणी असते तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले असते, इतपतच जोर लावा; सोबत नसेल तर तेराचा पाढा मोठ्याने म्हणा, आणि ‘तेरा चोक’च्या आधीच धाप लागली तर वेग कमी करा.

आता मनाचे. रोज पहाटे ‘आज जावे का?’ असे स्वतःला विचारणे हीच मुळात चूक आहे, कारण अर्धवट झोपेतल्या माणसाचे उत्तर ठरलेले असते. हा निर्णय दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावा, आणि गुहागरात त्यासाठी समुद्राइतका काटेकोर कारभारी मिळणार नाही. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्याने पाणी दूरवर मागे हटते आणि घट्ट, ओली, जवळजवळ सपाट वाळू उघडी पडते. त्या तिथींच्या जवळचा रविवार लांब धावेचा, असे दिनदर्शिकेवर आजच खुणा करून ठरवून टाका. अष्टमीच्या आसपास मात्र सकाळी सुरूच्या बनालगतची भुसभुशीत, उतरती वाळूच तेवढी उरते. त्या दिवसांत डांबरी रस्ता आणि घाटीचा चढ बरा.

पंधरवड्याला एक, याप्रमाणे १८, २१, २४, २७ आणि ३० किलोमीटरच्या पाच धावा होतील, आणि शेवटची शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी झालेली असावी. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय थकलेले असताना येतो. एरवी तुमच्या घाटीपुढे तो काहीच नाही. ओल्या वाळूचा आणखी एक फायदा आहे. परत फिराल तेव्हा तुमचीच पावले समोर उमटलेली दिसतील. टाचेचा खड्डा खोल आणि बोटांचा ठसा पुसट असेल, तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडते आहे. ते आखूड करा. जाताना ज्या रेषेने गेलात त्याच रेषेने परत या, म्हणजे वाळूच्या उताराचा भार दोन्ही पायांवर सारखा येईल.

लांब धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. मला स्वतःला निघण्याआधी मीठ घातलेली तांदळाची पेज महागड्या पाकिटांपेक्षा मानवते. धावेआधी आणि नंतर वजन करा : एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. पण भीतीपोटी नुसते पाणी ढोसत राहू नका; त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. चव्वेचाळीसाव्या वर्षी एवढे अंतर हाती घेताना डॉक्टरांकडून हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

राहिला ‘कुणासाठी’ हा प्रश्न. विसाव्या किलोमीटरला मीही तो स्वतःला विचारतो, आणि अंघोळ झाली की विसरतो. साखर आणायला मात्र चालत जा. घरातला निम्मा विरोध तेवढ्यानेच मावळेल.

प्रश्न : मी दापोलीजवळच्या गावात राहते. सरावासाठी पाखाडी चढते-उतरते. चढताना काही होत नाही, पण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की पाटावर बसवत नाही. पाखाडी सोडून द्यावी का?

उत्तर : सोडू नका. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, म्हणून त्याला चढणीपेक्षा जास्त मार बसतो, आणि हे दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. सुरुवातीला आठवड्यातून एकदाच, निम्म्या पायऱ्या आणि आखूड पावलांनी उतरा. दोन-तीन खेपांत फरक जाणवेल. गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दिवाळीपर्यंत सावलीतल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तिथे धावत उतरू नका.