नवऱ्याने बायकोला 'वेडी' ठरवून डांबल्याचा खरा इतिहास आहे का?

आहे, आणि तोही कायद्याच्या आधाराने. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1851 च्या कायद्याने नवऱ्याला मुभाच दिली होती: बायकोला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला इतरांसारखा पुरावा, सुनावणी काही लागत नसे. एलिझाबेथ पॅकार्ड ही पाद्र्याची बायको, सहा मुलांची आई. धर्माबाबत नवऱ्याशी मतभेद, आणि ती ते चारचौघांत बोलून दाखवायची. एवढंच निमित्त! 1860 मध्ये तिला जॅक्सनव्हिल गावातल्या वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तीन वर्षं. सुटून आली तर नवऱ्याने घरातच कोंडलं, खिडक्यांना खिळे ठोकले. तिने चिठ्ठी बाहेर सरकवली आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथे एका डॉक्टरने वेडाची जी लक्षणं सांगितली त्यात 'वेडी म्हटलेलं हिला आवडत नाही' हेही होतं. (म्हणजे हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, वेडी ती वेडीच.) 1864 मध्ये ज्यूरीने सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. तोवर नवरा मुलांना घेऊन पसार झाला होता. पुढे तिच्याच खटपटीने 1867 मध्ये कायदा बदलला.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट लिहिलंय की समाजाच्या नैतिक किंवा धार्मिक चौकटीत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.