नाशिकचं शेरलॉक मंडळ आणि तिसऱ्या बैठकीचा पेच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तुम्ही सहाजणांनी शेरलॉक होम्सचं चाहता मंडळ काढलंत. पहिल्या बैठकीत मालिका बघितली, दुसरीत प्रश्नमंजूषा झाली आणि आता तिसरीत करायचं काय, हे कुणालाच सुचत नाही. आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला असंच एक मंडळ गेली अकरा वर्षं चालवतोय. नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत, बोधचिन्ह वगैरे तर नाहीच. आमचं घोडंही तिसऱ्या बैठकीलाच अडलं होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी प्रश्नमंजूषा बंद करा. दर वेळी तेच दोघं जिंकतात आणि बाकीचे हळूहळू 'घरी पाहुणे आलेत' असं कळवू लागतात. मालिका ज्याची त्याने घरी बघावी. टोपी-पाइप घालून फोटो एकदा काढा, हौस फिटेल. (ती कान झाकणारी टोपी गाजली चित्रकार सिडनी पॅजेटमुळे. गोष्टींत तिला कुठेही 'डिअरस्टॉकर' म्हटलेलं नाही. झाली तुमची प्रश्नमंजूषा.)

जगभरातली होम्स मंडळं टिकली ती एका खेळावर. त्याचा नियम साधा आहे: होम्स आणि त्याचा डॉक्टर मित्र वॉटसन खरोखर होऊन गेले, गोष्टी वॉटसनने लिहिल्या आणि कॉनन डॉयल हा फक्त त्या छापून आणणारा मध्यस्थ. आता ५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांत जिथे जिथे विसंगती दिसते, तिथे 'लेखक विसरला' हे उत्तर बाद. कारण शोधायचं ते मजकुरातून आणि त्या काळाच्या इतिहासातून. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये बायबलच्या अभ्यासकांची टिंगल म्हणून होम्सवर एक निबंध वाचला, तिथपासून हे सुरू झालं. पुढे १९३४ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तोफर मॉर्लेने 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' काढलं, १९५१ मध्ये लंडनची सोसायटी आली. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्सने म्हणून ठेवलंय की हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याइतक्या गांभीर्याने खेळायचा. हसू आलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. (न्यूयॉर्कवाल्यांनी बायकांना खऱ्या अर्थाने दार उघडलं ते १९९१ मध्ये. तो कित्ता गिरवू नका. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि मजकूर वाचून येतात त्या त्याच.)

एक नमुना देतो. वॉटसनचं नाव जॉन. पण एका कथेत त्याची बायको त्याला 'जेम्स' म्हणते. सेयर्सबाईंचं उत्तर असं की त्याच्या नावातला मधला 'एच' म्हणजे हेमिश, आणि हेमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. आमच्या बैठकीत हे सांगून झाल्यावर एक सत्तरीच्या काकू शांतपणे म्हणाल्या, 'आमच्या वेळी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसत. चारचौघांत तिने मुद्दामच दुसरं नाव घेतलं असेल.' इंग्लंडला हे लागू पडत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्या दिवसापासून मंडळ मराठी झालं.

आता नाशिकचा हुकमी विषय. आमच्याकडे तो अजून निकालात निघालेला नाही, तुम्हीही खुशाल घ्या: वॉटसन देवळालीला राहिला होता का?

'अ स्टडी इन स्कार्लेट' या पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानांवर लष्करी डॉक्टर असलेला वॉटसन सांगतो की तो मुंबईत उतरला, तिथून कंदाहारला गेला, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत (२७ जुलै १८८०) गोळी लागली, पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने महिनोन्‌महिने मरणाच्या दारात होता आणि शेवटी 'ओरॉन्टिस' या लष्करी जहाजाने पोर्ट्समथला पोचला. ओरॉन्टिसवर तो चढला कुठे, हे लिहिलेलं नाही. आणि देवळाली तर मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा जहाजाची वाट बघण्याचा तळ होती! जहाजं सुटायची ती हिवाळ्याच्या हंगामात, तोवर तिथे कुजत पडायचं. त्या कंटाळ्याने आणि तापाने माणसं भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप.

आमच्यातले एक काका नाशिकरोडला रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, पेशावरहून माणूस सिंधूच्या काठाने कराचीला उतरेल, थळ घाटाच्या वाटेला कशाला येईल? देवळालीवाले म्हणतात, आजारी माणसाला सरकार पाठवेल तिथे जावं लागतं. मग एकाने मूळ इंग्रजी वाक्य काढलं: जखमींच्या मोठ्या 'ट्रेन'बरोबर मला पेशावरला हलवलं. 'बघा, रेल्वे!' काकांनी चष्मा काढून ठेवला. कंदाहारला तेव्हा रेल्वे नव्हतीच, इथे ट्रेन म्हणजे तांडा. एका शब्दावर दीड तास गेला. मैवंदचा जखमी जवळची वाट सोडून थेट पेशावरला का नेला, हा प्रश्न तर त्याहून अवघड, तो पुढच्या बैठकीवर ढकलला. मतदानात देवळाली जिंकली, अर्थात मतदार सगळे नाशिकचे.

तेव्हापासून दर जानेवारीत आम्ही देवळाली कॅम्पला जातो. ६ जानेवारी हा होम्सचा वाढदिवस मानतात, त्याच्या जवळच्या रविवारी. एक सूचना: तो लष्करी भाग आहे, कुठेही कॅमेरा काढत फिरू नका. रस्त्याने चालायचं, पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण कुणीतरी मोठ्याने वाचायचं, मिसळ खायची आणि परत.

बाकीच्या व्यावहारिक गोष्टी पटकन. दर बैठकीला एकच कथा, सगळ्यांनी वाचून यायचं, हातात पुस्तक हवंच. मूळ इंग्रजी मजकुराचे हक्क संपलेत, तो मोकळा आहे. मराठी अनुवादांचं तसं नाही, तेव्हा गटावर त्यांच्या फायली फिरवू नका. भालबा केळकरांचे अनुवाद आमच्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना वाचलेत, ते वाचनालयातून आणा. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात पुस्तक मिळालं नाही ही सबब चालत नाही. जागा शक्यतो कुणाचं तरी घर. आम्ही सुरुवातीला एका कॅफेत जमायचो. एकदा 'विष किती वेळात भिनतं' यावर आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरचं कुटुंब अर्धं सँडविच टाकून उठलं. मालकाने पुन्हा येऊ नका असं सांगितलं नाही, फक्त आमच्याकडे नुसतं बघितलं.

आणि कौतुकाचं भजनी मंडळ होऊ देऊ नका. 'द साइन ऑफ फोर' या दुसऱ्या कादंबरीत अंदमानच्या माणसांचं जे वर्णन आहे ते किळसवाणं आहे, आणि तिथल्या एका शिखाचं नाव महोमेट सिंग आहे. खेळाच्या नियमाने म्हणायचं तर वॉटसन ऐकीव माहितीवर लिहीत होता. पण त्या दिवशी आम्ही खेळ बाजूला ठेवून सरळ बोललो, आणि ती आमची चांगल्यातली एक बैठक झाली.

तुमच्या तिसऱ्या बैठकीसाठी १८९२ ची ठिपक्यांच्या पट्ट्याची कथा ('द स्पेकल्ड बँड') घ्या, जमलं तर नागपंचमीच्या आसपास, आणि एखाद्या सर्पमित्राला बोलवा. आमच्याकडे आलेल्याने अर्ध्या तासात कथेच्या चिंध्या केल्या. कथेत खुनासाठी पाळलेल्या सापाला दूध पाजतात आणि शिट्टीने परत बोलावतात. पण साप दूध पीत नाही. त्याला बाहेरचा कान नाही, जमिनीतली कंपनं तो टिपतो, मग शिट्टी ऐकून दोरावरून परत येतो कसा? कथेतला 'भारतातला सर्वांत जहाल' साप वर्णनावरून घोणशीच्या जवळचा, पण घोणसच काय, नाग, मण्यार, फुरसं यांपैकी कुणीही दहा सेकंदांत माणूस मारत नाही. यावर आमच्यातल्या एका ताईंचं उत्तर असं की कथेतला खलनायक डॉक्टर रॉयलॉट शेवटी स्वतःच्याच सापाच्या विषाने मेलाच नाही, साप डोक्यावर चढलेला बघून धसक्याने गेला. आणि खुनाची खरी पद्धत कुणी उचलू नये म्हणून वॉटसनने दूध-शिट्टी पदरची घातली.

त्याच कथेत रॉयलॉटच्या बागेत भारतातून मागवलेले दोन प्राणी मोकळे फिरतात, चित्ता आणि बबून. चित्ता तेव्हा आपल्याकडे होता. बबून भारतात कधीच नव्हता. मग तो आला कुठून, यावर आमच्याकडे तीन उत्तरं तयार आहेत, पण ती इथे लिहीत नाही. तुमची बैठक झाली की चौथं कळवा.