मॅटाडोर विकायचीय, पण इंजिन तर आपण बनवून घेतलेलं

या वेळी सोलापुरातनं एकाच विषयाची चार पत्रं आलीत, सगळी जुन्या व्हॅनच्या खरेदी-विक्रीची, म्हणून एकत्रच घेतोय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्याचा मामला खरंच गुंतलेला आहे.

प्रश्न: दादा नमस्कार. मी होटगी रोडला राहतो, टॉवेलचं छोटं युनिट आहे. वडिलांनी १९७४ ला नवी घेतलेली मॅटाडोर आमच्याकडे आहे, आरसी प्रायव्हेट. घरातल्या लग्नांची वऱ्हाडं, तुळजापूर, पंढरपूर, गड्ड्याची जत्रा सगळं तिच्यातनं झालं, मग बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. मी ती पूर्ण उतरवून परत बांधली, पत्राकाम, रंग, वायरिंग, आतली लाकडी बाकडी, सगळं. मूळ इंजिन जाम होतं म्हणून एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडनं इंजिन बनवून घेतलं, ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) भंगारातल्या ट्रॅक्स जीपचा, क्रँक ग्राइंड केला, पिस्टन ओव्हरसाइज टाकले, गिअरबॉक्सला जोडायची प्लेट खास कातून घेतली. गाडी मक्खन चालते. आता पाठीचा त्रास आहे, पोरगा पुण्यात, त्याला इंटरेस्ट नाही, म्हणून विकायचीय. खर्च साडेसहा लाखांच्या वर गेलाय. मित्र म्हणायलेत व्हिंटेज आहे, व्हीए नंबर (व्हिंटेज गाड्यांची खास सिरीज) काढ, दहा लाख कुठं गेले नाहीत. आरसी २०१९ ला रिन्यू केली, तिच्यावर इंजिन नंबर अजून जुनाच आहे. जुनं इंजिन ताडपत्रीखाली पडलंय, भंगारवाला रोज विचारायलाय, देऊन टाकू का? आणि जाहिरातीत काय लिहू?

उत्तर: सगळ्यात आधी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा, आजच. तुमच्या पत्रात त्या जाम इंजिनचा उल्लेख शेवटी शेवटी आलाय पण माझ्या मते या व्यवहारात गाडीच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू तीच आहे. कारण आरसीवर जो नंबर आहे तो त्याच ब्लॉकवर ठोकलेलाय. तो ब्लॉक एकदा वितळला की ही गाडी मूळ रूपात आणायचा रस्ता कायमचा बंद, तुम्हालाही आणि पुढच्या मालकालाही.

आता व्हीए नंबरचं. मित्र अर्धं बरोबर सांगतायत. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. वयात तुमची गाडी पास. पण त्याच नियमात पुढं असंय की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल केलेला नको. तिथं तुमचं सुंदर इंजिन आडवं येतं. ते कितीही भारी चालू दे, नियमाच्या भाषेत ते दुसरंच इंजिन आहे. आणि दुसरं म्हणजे व्हीए नंबर मिळाला तरी त्या गाडीनं रोज फिरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, डिझेल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मग ज्याला फॅमिली घेऊन गोव्याला जायचंय त्याच्यासाठी तो नंबर म्हणजे उलट अडचणच की. म्हणजे तुम्हाला आधी हे ठरवायचंय की गाडी शेडमध्ये जपणाऱ्याला विकायचीय का चालवणाऱ्याला.

मला विचाराल तर चालवणाऱ्याला विका, आणि जुनं इंजिन सोबत द्या. तुम्ही जे बांधलंय ते चालवायसाठी बांधलंय. संग्राहक तुमचं इंजिन काढून ठेवणार आणि त्याचे पैसे तुम्हाला शून्य देणार. एक मात्र सांगा, नवं इंजिन बसवताना जुनी माउंटिंग, म्हणजे मूळ इंजिन ज्यावर बसायचं ते आधार, कापलीत का? कापली नसतील, नुसते वेगळे ब्रॅकेट बोल्ट करून लावले असतील, तर मूळ इंजिन परत बसवता येतं, ते जाहिरातीत ठळक लिहा, जाणकार माणूस ती ओळ वाचूनच फोन करंल.

पण जाहिरातीच्या आधी कागद. आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा, या अवस्थेत गाडी दाखवायलाच काढू नका, कारण समजणारं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा टॉर्च घेऊन तेच बघतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदललं तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. परवानगीत न बसणारा बदल सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कलम १८२ए मध्ये आहे. तुमचा ब्लॉक भंगारातल्या ट्रॅक्सचा आहे म्हणता, मग त्या ट्रॅक्सचे कागद कुठंयत? ती रीतसर रद्द झालेली होती का, भंगारवाल्यानं बिल दिलं होतं का? नसंल तर आत्ता त्याच्याकडं जाऊन मागा, जमंल तसं जुळवा. आणि एजंटाच्या टेबलावर बसण्याआधी आरटीओत स्वतः जाऊन विचारा की एवढ्या जुन्या गाडीच्या इंजिन बदलाला काय काय जोडायला लागंल. नाही म्हणाले तरी ते आत्ता कळलेलं बरं, ॲडव्हान्स घेतल्यावर कळण्यापेक्षा. समजा नाहीच म्हणाले, तर मग ते जुनं इंजिन उघडून बघायची वेळ आली म्हणायची, जाम म्हणजे मेलेलं असतंच असं नाही, बऱ्याचदा नुसत्या पिस्टनच्या रिंगा धरलेल्या असतात.

अजून एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. २०१९ ला पाच वर्षांसाठी रिन्यू केली म्हणजे २०२४ ला ती संपली. आता परत फिटनेस, पर्यावरण कर, आणि २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीची रिन्युअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, ती भरा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसंल तर तीही लावा, त्याशिवाय आरटीओतलं काम पुढं सरकत नाही. इतक्या जुन्या गाडीची नोंद कॉम्प्युटरवर चढलेली नसली तर बॅकलॉग एंट्री करून घ्यायला लागंल, जुनं आरसी पुस्तक फाटलं असलं तरी टाकू नका. आणि रंगकाम करताना चासी नंबरवर पुट्टी भरली नाही ना ते बघा. आरटीओला पेन्सिलनं घासून त्याचा ठसा कागदावर घ्यायला लागतो, नंबर दिसंना झाला तर साध्या व्यवहाराची पार चौकशी होऊन बसते.

आता इंजिनाबद्दल, कारण किंमत इथं ठरणाराय. ट्रॅक्सचा ब्लॉक म्हणजे बहुतेक ते मर्सिडीजच्या लायसनवर बनणारं २.४ लिटरचं ओएम ६१६ डिझेल, ट्रॅव्हलरमध्ये पण तेच यायचं. दणकट इंजिन आहे, टायमिंगला बेल्ट नाही चेन आहे, फक्त टॅपेट वेळेवर सेट करायला लागतात आणि हीटर प्लग चांगले पाहिजेत. घेणाऱ्याला भीती इंजिनाची नसते ओ, भीती असते की हे बनवणारा माणूस सोलापुरात आणि गाडी बंद पडली नगरच्या पुढं, तर तिथला मेकॅनिक काय करणार. म्हणून एक वही करा. बोर किती झालाय, पिस्टन कुठल्या साइजचे, मेन आणि बिग एंडचे बेअरिंग कितीचे, क्रँक अजून एकदा ग्राइंड होईल का संपला, पंप-नोझल कधी आणि कुठं कॅलिब्रेट केले, क्लच प्लेट कुठल्या गाडीची, वॉटर पंप कुठला, रेडिएटरचा होज कुठल्या गाडीचा बसतो, फॅन बेल्टचा नंबर काय, सगळं. ती कातलेली प्लेट आहे ना, तिचं मापासकट ड्रॉइंग लेथवाल्याकडनं मागून घ्या, उद्या ती तडकली तर दुसरी कुठल्याही लेथवर निघाली पाहिजे. साडेसहा लाखाचा हिशोब कुणी विचारणार नाही पण ही वही बघून माणूस पन्नास हजारानं वर सरकतो, हे मी बघितलंय.

किंमत. तुमचे साडेसहा लाख विसरा, वाईट वाटलं तरी. तुमच्या रविवारांचे पैसे कोण देत नसतंय. चालू हालतीतली साधी जुनी मॅटाडोर कितीला जाते ते एक टोक, आणि आज एखाद्या वर्कशॉपला असंच पत्राकाम-रंग-वायरिंग करून द्या म्हटलं तर ते किती सांगतील ते दुसरं टोक, त्यात गाडीची किंमत मिळवून. या दोन्हीच्या मधे कुठंतरी तुमचा भाव आहे, आणि कागद क्लिअर झाले की तो वरच्या टोकाकडं जातो. दहा लाख म्हणणाऱ्या मित्राला विचारा, तू देतोस का.

जाहिरात साधी लिहा: "मॅटाडोर व्हॅन, १९७४, पहिलाच परिवार, सोलापूर पासिंग. बॉडी आणि आतलं काम नवीन. इंजिन मूळ नाही, ट्रॅक्सच्या ब्लॉकवर बनवलेलं, आरसीवर नोंद आहे, कामाची पूर्ण वही आणि बिलं मिळतील. मूळ इंजिन जाम आहे, सोबत देणार." जुनी नंबर प्लेट एमएच सिरीजच्या आधीची, तीन अक्षरी असली तर तोच नंबर लिहा, लोकांना त्याचं फार अप्रूप. ओरिजिनल, मिंट, शोरूम कंडिशन असलं काही लिहू नका. खालनं काढलेले फोटो टाका, गंज जिथं राहिलाय तो पण दाखवा. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका, गार इंजिन त्याच्यासमोर मारा.

प्रश्न: माझी पण जुनी व्हॅन आहे, हैदराबादचा एकजण घ्यायला तयार आहे. म्हणतो रोख देतो, गाडी आत्ता न्यायची, कागद नंतर निवांत करू, सह्या करून ठेवा. द्यावी का? – अशोक चौक

उत्तर: नका देऊ. हायवेनं पाच-सहा तासात गाडी दुसऱ्या राज्यात, आणि आरसीवर नाव तुमचं. उद्या तिकडं अपघात झाला तर नुकसानभरपाईला रेकॉर्डवरचा मालकच जबाबदार, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, गाडी विकून टाकली होती म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्या राज्यात जायची म्हणजे फॉर्म २८ वर एनओसी, मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, तुम्ही आरटीओला कळवायची मुदत राज्याबाहेरच्या विक्रीला ४५ दिवस, राज्यातल्या राज्यात १४. एनओसी हातात आली, पैसे बँकेत जमा झाले, मग किल्ली. कोऱ्या फॉर्मवर सही तर अजिबात नको. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ पण लिहा, दुपारी गाडी दिली आणि सकाळचं चलन आलं असलं वाद त्यानं वाचतात. रोख दाखवून घाई करणारं गिऱ्हाईक मला कधीच आवडलेलं नाही.

प्रश्न: आमच्या ह्यांनी जुनी व्हॅन चार वर्षं खपून नवीन केली. स्वतःच विकतो म्हणतात आणि गिऱ्हाईक दारात आलं की किंमत वाढवून सांगतात. परवा एक जोडपं आलेलं, त्यांना चहा, शेंगाचटणी-भाकरी सगळं दिलं, दोन तास इंजिनच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी म्हणाले अजून ठरलं नाही. माझ्या दारातली जागा अडलीय. काय करू? – एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, त्यांना विकायची नाहीये. तुम्हाला माहितीय, मला माहितीय, आलेल्या जोडप्यालाही कळलं असणार. त्यात वाईट काय नाही पण मग जाहिरात काढून टाकायला सांगा, लोकांचा रविवार जातोय. खरंच विकायची असंल तर किंमत कागदावर लिहून तुमच्याकडं द्यायची आणि फोन तुम्ही घ्यायचे, ह्यांनी फक्त गाडी दाखवायची. आणि दाराची जागा हा वेगळा विषय आहे, त्यासाठी गाडी विकायलाच पाहिजे असं नाही, शेड भाड्यानं मिळते की, ते भाडं त्यांच्या खिशातनं.

प्रश्न: सात रस्त्याजवळ फूड ट्रक टाकायचा विचार आहे, रिस्टोर केलेली जुनी डिझेल व्हॅन बघून ठेवलीय, इंजिन बदललेलं आहे. बघताना काय बघू?

उत्तर: पहिलं वर सांगितलं तेच, इंजिन नंबर आणि आरसी. दुसरं, गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथंच उलटं ठेवा. थोडं हललं तर ठीक, थडथड नाचून खाली पडायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्यात. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये नवीन टाकलेलं पण लवकर काळं होतं. मे महिन्यात दुपारी बाराला ट्रायल घ्या, तुळजापूर घाटापर्यंत जाऊन या, सोलापूरच्या उन्हात रेडिएटर तगला तर कुठंही तगंल. पण तुमच्या कामाला इंजिनापेक्षा दुसरी गोष्ट मोठी आहे, ती आरसी प्रायव्हेट असंल तर धंद्याला चालणार नाही, व्यावसायिक नोंदणी आणि फिटनेस लागंल आणि एवढ्या जुन्या गाडीला ती मिळंल का हे आरटीओत विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. खाण्याचा एफएसएसएआय परवाना आणि महापालिकेची जागेची परवानगी वेगळीच. हे सगळं करून जर गाडी एकाच जागी उभीच राहणार असंल, तर बनवलेल्या इंजिनाचे पैसे कशाला मोजताय, इंजिन गेलेली पण पत्रा चांगला असलेली व्हॅन बघा, निम्म्यात काम होईल. फक्त ती ओढून न्यायची सोय आधी करून ठेवा, अतिक्रमणवाले आले की हलवायला तर लागणारच.