राणीछाप रुपये: स्वच्छता आणि किंमत

प्रश्न (निपाणी): देव्हाऱ्यातल्या डब्यात राणीछाप रुपये आहेत, 1947 चाही एक आहे. लक्ष्मीपूजनाच्या हळदीकुंकवाने माखलेत, काळे पडलेत. चिंचेने घासू का? सराफ चांदीच्या भावाने मागतो, मोबाइलवर मात्र 1862 च्या रुपयाला लाखो मिळतात म्हणतात.

उत्तर: चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीच नको. चांदीवर गंधकाची प्रक्रिया होऊन काळा थर बसतो. तो घासला की सोबत चांदीही निघते आणि राणीच्या मुकुटाची नक्षी सपाट होते. संग्राहक भिंग लावून आधी तेच बघतो. काळेपणा राहू द्या, कीट तेवढी काढा.

काचेच्या वाटीत कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब घ्या. त्यात एका वेळी एकच नाणं 10-15 मिनिटं ठेवा. दोन एकत्र टाकली की चरे पडतात. मग साध्या पाण्यातून आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरमधून काढा (इन्व्हर्टरमध्ये घालतो तेच). सुती कापडाने टिपा, पुसू नका. तेलकटपणा उरलाच तर शुद्ध ॲसिटोन वापरा, पण खिडकी उघडून आणि समईपासून लांब. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याने काळेपणा जातो खरा, पण नाणं निर्जीव पांढरं दिसतं.

आता किंमत. विक्टोरियाच्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के, म्हणजे साधारण 10.7 ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. सराफाची घट धरूनही याच्या फार खाली जाऊ नका. 1940 ते 45 च्या रुपयांत चांदी निम्मीच. 1947 चा रुपया निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. तो चांदीत मोजू नका.

1862 हे साल 1874 पर्यंतच्या रुपयांवर तसंच छापलं जात होतं, त्यामुळे ती नाणी मुबलक आहेत. लाखोंच्या जाहिरातीवर आगाऊ ‘फी’ भरू नका. असे व्यवहार आपण करत नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये जाहीर केलंय. 1939 चा रुपया मात्र खरोखर दुर्मिळ, म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. वजन आणि कडेच्या रेघा तपासल्याशिवाय हात घालू नका.

प्रश्न (खानापूर): आजीच्या माळेतल्या रुपयांना कड्या झाळलेल्या आहेत. काढून विकावेत का?

उत्तर: नको. कडी काढली तरी झाळेची खूण राहते, संग्राहक घेत नाही. मोडीचाच भाव मिळणार, त्यापेक्षा माळ अखंड ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत मात्र नको, त्यातून चिकट हिरवट थर चढतो.