मिठाचे डाग आणि कोरडा टी-शर्ट

"मॅडम, मला घामच येत नाही. म्हणजे माझा व्यायाम वायाच जातोय ना?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने हे विचारलं. वय अडतीस, पाच महिने नेमाने व्यायामशाळेत जात होती, सोबत मोठी नणंद. नणंदेचं काम दणदणीत: वीस मिनिटांत टी-शर्ट पाठीला चिकटलेला, हनुवटीवरून थेंब, ट्रेडमिलच्या कठड्यावर टॉवेल. ही मात्र तासाभराने खाली उतरली तरी कपाळ जेमतेम ओलसर. मग घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ताईंचं ठरलेलं वाक्य, "हिला कुठे घाम येतो? ही आपली हवा खाऊन येते!"

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. टेबलावरचं वाक्य मात्र जसंच्या तसं.)

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, दोन्ही बाजूंनी. कुणाला घाम येत नाही म्हणून व्यायाम फुकट वाटतो, कुणाला इतका येतो की शेजारच्या मशीनवर कुणी आलं की ते उठून जातात. पहिल्या भेटीत मी जे करायला नको होतं तेच केलं. वहीवर घामग्रंथीचं चित्र काढून व्याख्यान सुरू केलं. अंगावर अशा वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात, कुणाच्या जास्त पाझरतात, कुणाच्या कमी, वगैरे. ती मान हलवत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "हे सगळं खरं असेल हो. पण ताईंना कसं दाखवू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडचण ग्रंथींची नाही, पुराव्याची आहे. आपली भाषाही ताईंच्याच बाजूची. कष्ट केले म्हणजे घाम गाळला, खरी कमाई ती घामाची. ज्याचा घाम दिसत नाही त्याचे कष्ट कुणी मोजत नाही, आणि घरातल्या तिच्या बाकीच्या कामांचीही गत तीच होती. त्याबद्दल आम्ही पुढे दोन भेटी बोललो, ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या भेटीत तिने पिशवीतून एक जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. काळं, प्लास्टिकचं, हात लावला की कुरकुर वाजणारं. घाम यावा म्हणून ती ते टी-शर्टखाली घालायला लागली होती. पहिल्या दिवशी वजन आठशे ग्रॅमने उतरलं तेव्हा आनंद झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिथल्या तिथे. चौथ्या दिवशी ट्रेडमिलवर डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा हाताला लागला म्हणून पडली नाही.

मी जॅकेट उलटं केलं. आतल्या शिवणीवर, काखेपासून कमरेपर्यंत, पांढऱ्या रेघा होत्या. नखाने खरवडल्यावर भुकटी निघाली. मीठ. घाम येत नाही म्हणणाऱ्या बाईच्या जॅकेटला आतून मिठाचे डाग!

"मशीन कुठलं घेता?" मी विचारलं.

"पंख्याखालचं. मला गरम सहन होत नाही."

"आणि ताई?"

"त्यांना कोपऱ्यातलं आवडतं, आरशासमोरचं."

निम्मं कोडं तिथेच सुटलं. घामाचं काम अंग ओलं करणं नाही, उडून जाणं आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. खाली ठिबकलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणजे जो घाम डोळ्यांना दिसतो, तो बराचसा वाळायला न मिळालेला, वाया गेलेला घाम. पंख्याच्या वाऱ्यात तिचा घाम आल्या आल्या उडत होता, कोपऱ्यातल्या कोंदट हवेत ताईंचा साचत होता. जॅकेट घातल्यावर हिचाही उडायचा थांबला, म्हणून दिसला, आणि अंग थंड व्हायचं बंद झालं म्हणून अंधारी आली.

त्या जॅकेटबद्दल मी जरा चिडूनच बोलते, त्याला कारण आहे. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर स्पर्धेच्या वजनगटात बसण्यासाठी असलेच हवाबंद सूट घालून गरम जागेत व्यायाम करताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत या सूटवर बंदी आली. आणि उतरतं काय, तर पाणी. चरबीचा हिशेब 2014 मध्ये रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी मांडला: दहा किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. चरबी गाळायची जागा म्हणाल तर ती नाक-तोंड आहे. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

तरी एक शंका काढून टाकायला हवी होती. अंधारी आली होती, म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. उन्हातही अंग ठणठणीत कोरडं राहणं, त्वचा तापणं, किंवा एकाच बाजूला घाम येणं या गोष्टी अंगावर काढायच्या नसतात. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनीही घाम कमी होतो. उलट बसल्या जागी घाम फुटणं, रात्री अंथरूण भिजणं, सोबत वजन उतरणं किंवा छातीत धडधडणं असेल तरी तपासणी हवीच, त्यामागे थायरॉइड असू शकतं, आणखीही काही. तिचं सगळं ठीक निघालं.

मग उरलेलं निम्मं कोडं. दोघींना मी एक काम सांगितलं. ताई तयार होतील असं वाटलं नव्हतं, पण काटा म्हटल्यावर त्यांना चेव आला. व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन करायचं आणि मधे किती पाणी प्यालं ते लिहायचं. वजनातली घट अधिक प्यालेलं पाणी, साधारण तेवढा घाम. एक किलो म्हणजे एक लिटर, ढोबळमानाने.

तासाभराचा आकडा असा आला. ही 58.2 वरून 58.0, पाणी पाव लिटर, म्हणजे घाम साडेचारशे मिली. ताई 79.4 वरून 78.8, पाणी अर्धा लिटर, म्हणजे 1.1 लिटर. घाम न येणाऱ्या बाईने जवळजवळ अर्धा लिटर गाळला होता!

ताईंचा दुपटीहून जास्त, त्यातही गूढ काही नाही. एकवीस किलो जास्तीचं अंग त्याच वेगाने हलवायचं तर उष्णताही जास्त तयार होते. शिवाय त्या दहा वर्षं व्यायाम करणाऱ्या. सरावलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो आणि भरपूर सुटतो, तापायच्या आधीच आगीचा बंब सुरू केल्यासारखा. उकाड्यात रोज व्यायाम केला तर 10 ते 14 दिवसांत हा बदल दिसायला लागतो, आणि घामातलं मीठही कमी होतं. म्हणजे जास्त घाम येणारा माणूस बेढबच असेल असं नाही, तो तयारीचाही असू शकतो. लॉस एंजेलिसच्या 1984 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावलेल्या अल्बर्टो सालाझारच्या घामाचा वेग ताशी 3.7 लिटर मोजला गेला होता. त्या शर्यतीत तो पंधरावा आला. घामावर पदक असतं तर त्याला तोड नव्हती.

श्रम किती झाले हे बघायला मी तिला दुसरी खूण दिली. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की जोराचा. पुढच्या वेळी दोघी शेजारी-शेजारी चालल्या. ही तिसऱ्या मिनिटापासून तुटक बोलत होती, आणि ताई घामाने निथळत अख्खी हकीकत सांगत होत्या, एका दमात.

आठवड्याने ताईंचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा खाली. "एक विचारू? माझा लिटरभर जातो, तर मी तेवढं पाणी एकदम पिऊन टाकू का?" नको म्हटलं. थोडं थोडं, तहानेप्रमाणे. घामापेक्षा जास्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते वेगळंच संकट. तास-सव्वा तासाच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी रोज पिशवीत दोन टी-शर्ट नेते. एक तिथेच बदलते. हिला माहीत नाही."

मी काही बोलले नाही.

जॅकेट अजून माझ्या कपाटात आहे. न्यायला या म्हणून दोनदा सांगितलं, ती येत नाही. आता त्यांच्यात भांडण वेगळंच आहे: पंख्याखालचं मशीन ताईंना हवं असतं, आणि ही त्यांच्याआधी दहा मिनिटं जाऊन ते पकडून ठेवते.