बरं वाटतंय, तर उपचार थांबवून गृहकर्ज फेडू का?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: "वय 34, ऐरोलीत नोकरी, पगार हातात 62,000. अँग्झायटीच्या उपचारांवर तीन महिने दरमहा 7,800 जातायत. थेरपीची चार सेशन 6,000, सायकियाट्रिस्टची फी 1,200, गोळ्या 600. आता बरं वाटतंय. हे सगळं थांबवून पैसे गृहकर्जाच्या पार्ट-पेमेंटला टाकू का?"

ताई, नका थांबवू.

तुमचं कर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे. वर्षभरात 93,600 रुपये जादा भरलेत, तर त्यापुढे वर्षाला साधारण आठ हजार व्याज वाचेल. आता जून आठवा. ठाण्याला गाडी बदलून वाशीच्या लोकलमध्ये चढलं की छाती धडधडायची आणि गाडी सुटायच्या आत तुम्ही खाली उतरायचात. अठरा दिवस बिनपगारी रजा पडली, 37,200 रुपये गेले. आज तुम्ही त्याच गाडीने कामावर जाताय, ते या 7,800 मुळे.

शिवाय हा खर्च कायम एवढाच राहणार नाही. सीबीटीची, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची, सेशन साधारण बारा ते वीस लागतात, तुमची बारा झाली. अजून दोन महिने दर आठवड्याला, पुढे चार महिने पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा. डॉक्टरांकडेही सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांतून एकदा, असं धरलं तर वर्षाचे सगळे मिळून 51,000 होतात. हा माझा अंदाज. खरं वेळापत्रक थेरपिस्टना आणि डॉक्टरांना विचारा, आणि पैशांची ओढाताण आहे हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

गोळ्यांच्या 600 रुपयांना मात्र हात लावू नका. बरं वाटल्यावरही त्या बहुधा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि बंद करताना डोस हळूहळू उतरवतात. एकदम सोडल्या तर चक्कर, झोपमोड, पुन्हा तीच घालमेल. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्तात मिळतं का, ते डॉक्टरांना विचारून बघा. फी अगदीच झेपेनाशी झाली तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे.

विम्याचं म्हणाल तर 2017 च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीचं ॲड-ऑन घ्यायचं असेल तर समुपदेशनाची फी त्यात बसते का, ते आधी लेखी घ्या. आजार लपवून पॉलिसी मात्र घेऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत हा खर्च 'इतर'मध्ये लिहिलेला दिसला, तेव्हा मला वाईट वाटलं. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्याच पानावर नावानिशी आहेत. याही खर्चाला नाव द्या, कारण महिनाअखेरीला काटछाट सुरू होते ती 'इतर'पासून.

सेशन पंधरा दिवसांवर गेली की महिन्याचा खर्च 4,800 होईल. सुटलेले 3,000 बाजूला साठवा, बँकेला पार्ट-पेमेंटची किमान रक्कम विचारा आणि तेवढे जमले की कर्जात भरा.