घोरणारा ड्रायव्हर आणि कानातला अलार्म

कळंबोलीतल्या ड्रायव्हरांच्या तपासणी शिबिरानंतर चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमला आहे. निम्म्या चिठ्ठ्यांत एकच विचारणा: झोप येऊ नये म्हणून काय घ्यावं? असं औषध मी लिहून देत नाही. बाकीच्यांची उत्तरं इथे देते.

सर्दीची गोळी घेऊन रात्री न्हावा-शेव्याहून ट्रेलर काढला तर चालेल का? (उलवे)

नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी सुस्ती येते. ‘मी गाडी चालवतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा, मग औषध मागा.

गोदामात हमालांना कंबरपट्टा सक्तीचा केलाय. पाठ वाचेल ना? (काल्हेर, भिवंडी)

पट्टे विकणाऱ्याचा धंदा वाचेल. धडधाकट कामगाराची इजा पट्ट्याने टळते याला पुरावा नाही, असं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1994 मध्येच सांगितलंय. उलट पट्टा बांधला की माणूस झेपेल त्याहून जास्त उचलायला जातो. तोच पैसा हातगाडीत घाला आणि जड माल कमरेच्या उंचीवर ठेवा. कळ पायात उतरत असेल तर त्या कामगाराला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

माझे मिस्टर 46 वर्षांचे, एपीएमसी बाजारातून माल घेऊन लांबच्या फेऱ्या करतात. घरी आले की दहा-दहा तास झोपतात, तरी चहा पिता पिता डुलकी लागते. इतकं घोरतात की शेजारी विचारतात, आणि मध्येच श्वास थांबतो. सासूबाई म्हणतात, दमलेला माणूस घोरणारच. मेडिकलमधून नाकाची क्लिप आणलीय. तपासणी केली तर लायसन्स जाईल म्हणून ते येत नाहीत. (कोपरखैरणे)

ताई, सासूबाईंचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची लक्षणं दिसतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. माणसाला यातलं काही आठवत नाही. आजार बळावलेला असेल तर तासाला तीसहून जास्त वेळा हे घडतं. मग दहा तास अंथरुणात काढूनही झोप झालेली नसते, आणि तोच माणूस पहाटे तीनला स्टिअरिंगवर बसतो. अडथळा घशात आहे. नाकाला लावलेली क्लिप तिथे काय करणार? हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीनही ऑनलाइन मागवू नका. हवेचा दाब माणसागणिक ठरवावा लागतो, आणि तो झोपेच्या तपासणीनंतरच ठरतो. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून ती एका रात्रीची तपासणी करून घ्या. रक्तदाब आणि शुगरही बघा. गळ्याचा घेर 17 इंचांच्या वर असेल तर या आठवड्यातच जा. लायसन्सचं म्हणाल, तर वैद्यकीय दाखल्याच्या रांगेत घोरण्याबद्दल कुणी विचारताना मी तरी पाहिलेलं नाही, आणि मला खरी काळजी तीच वाटते. उपचार नीट चालले की पुष्कळ जण डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा गाडी चालवतात. तोवर गाडी नकोच, रात्रीची तर अजिबात नको. दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका.

माझ्या बारा गाड्या आहेत. मान कलली की वाजणारा कानातला अलार्म घ्यावा का? (तळोजा)

मान कलते तेव्हा उशीर झालेला असतो. ताशी 60 च्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळपास 67 मीटर पुढे गेलेली असते. सलग 17 तास जागं राहिलेल्याची अवस्था रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी होते. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 आहे. दारू तपासता, मग तास का मोजत नाही? पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. आणि बंदराच्या गेटवर दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवत काढलेली रात्र विश्रांतीत धरू नका. बाराही ड्रायव्हरांना तपासणीला पाठवा.

रात्रीच्या फेरीत कॉफी किती प्यावी? (शिळफाटा)

कॉफी चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. एक कप घ्या, गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं डोळे मिटा, मगच निघा. चार-पाच कपांशिवाय गाडी काढवतच नसेल, तर मला येऊन भेटा. येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.